आसन, नाव आणि उपयोग : संकल्पनाप्रधान फर्निचरची एक समीक्षा

मराठीत ‘खुर्ची’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. बसण्याचे साधन हा पहिला आणि सत्ता हा दुसरा. कागल तालुक्यातील बिद्री येथे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. कारखान्याची निवडणूक जवळ आली की परिसरातील गावांतून ‘खुर्ची कोणाकडे जाणार?’ ही एकच चर्चा ऐकू येते. त्या चर्चेत सागवान, लोखंड किंवा वेत यांचा काही संबंध नसतो, हे शाळकरी मुलालाही समजते. वस्तू निराळी आणि त्या वस्तूविषयीची संकल्पना निराळी, हे ज्ञान आपल्या बोलण्यातच असे मुरलेले आहे.

गेल्या सहा दशकांत युरोप, अमेरिका आणि जपान येथील कलावंतांनी व रचनाकारांनी याच भेदावर एक संपूर्ण कलाप्रकार उभा केला आहे. त्यास ‘संकल्पनाप्रधान फर्निचर’ असे म्हणता येईल. जिच्यावर बसता येत नाही अशी खुर्ची, जे मेज आहे की चित्र आहे ते कळत नाही असे मेज, अशा या वस्तू असतात. उपयोग म्हणजे काय आणि आपल्याला जे दिसते ते खरोखर तसेच असते काय, हे दोन प्रश्न त्या विचारतात. मराठीत या कलाप्रकाराची चर्चा फारशी झालेली नाही. झाली तर ती बहुधा किमतीच्या अनुषंगाने होते. बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हे दोन्ही प्रश्न बौद्ध विचारपरंपरेने फार पूर्वी हाताळले आहेत आणि आसनाचा प्रश्न आपल्या समाजाने तर अंगावर सोसला आहे. म्हणून या कलाप्रकाराची परीक्षा आपल्या बाजूने होणे आवश्यक आहे.

पाश्चात्त्य प्रयोग आणि त्यांचे गृहीतक

जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंताने १९६५ मध्ये ‘एक आणि तीन खुर्च्या’ ही कलाकृती सिद्ध केली. घडीची एक साधी लाकडी खुर्ची, भिंतीवर त्याच खुर्चीचे तिच्याच आकाराचे छायाचित्र आणि शेजारी शब्दकोशातील ‘खुर्ची’ या शब्दाची मोठी करून लावलेली व्याख्या, असे तिचे स्वरूप आहे. या तिन्हींपैकी खरी खुर्ची कोणती, असा प्रश्न प्रेक्षकापुढे उभा राहतो. हा प्रश्न प्लेटोचा आहे. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात प्लेटोने तीन पलंगांचा विचार मांडला आहे : एक पलंगाची मूळ कल्पना, दुसरा सुताराने घडविलेला पलंग आणि तिसरा चित्रकाराने रंगविलेला. त्याच्या मते कल्पनेतला पलंग तेवढा खरा. सुताराचा त्याहून उणा आणि चित्रकाराचा सर्वांत उणा.

इटलीतील आलेस्सांद्रो मेंदिनी यांनी १९७४ मध्ये पायऱ्यांच्या चढणीवर एक खुर्ची उभी केली आणि ती जाळली. १९७८ मध्ये त्यांनी जुन्या दरबारी वळणाच्या आरामखुर्चीवर सर्वत्र रंगांचे ठिपके रंगवून घेतले. ते ठिपके लाकूड आणि कापड यांतील सीमारेषाच पुसून टाकतात. जपानचे शिरो कुरामाता यांनी १९८८ मध्ये पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये कृत्रिम गुलाब गोठवून एक खुर्ची घडविली. तिच्यावर बसलेला मनुष्य फुलांवर तरंगतो आहे असा भास होतो. पहिल्या प्रयोगात उपयोग जळून जातो, दुसऱ्यात तो सजावटीखाली बुडतो आणि तिसऱ्यात तो अदृश्य होतो.

हे प्रयोग बुद्धिमान आहेत यात शंका नाही. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक गृहीतक आहे. खुर्चीचा स्वाभाविक उपयोग बसणे हा असून तो सर्वांना आधीपासून उपलब्ध आहे, असे ते समजतात. उपलब्ध असलेला उपयोग ते काढून घेतात आणि मग प्रेक्षक चकित होतो. ज्याला बसण्याचा हक्क कधी नाकारला गेला नाही, त्याच्यासाठी हा धक्का नवा आहे.

आपल्याकडे तसे नव्हते. गावचा पार, चावडीचा ओटा, वाड्याच्या सोप्यातील बाज ही सर्व आसने होती. परंतु त्यांचा उपयोग कोणी करावयाचा हे जन्माने ठरत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात शाळेतील गोणपाटाची हकिकत नोंदविली आहे. वर्गात कोपऱ्यात त्यांनी वेगळे बसावयाचे आणि तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळेचा झाडलोट करणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून ते रोज सायंकाळी घरी न्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावयाचे. या गोणपाटाचा उपयोग काय होता? अंगाला आराम देणे हा नव्हे. मुलाला इतरांपासून तोडणे हा होता. कोसुथच्या दालनात वस्तू, प्रतिमा आणि व्याख्या शेजारी शेजारी शांतपणे नांदतात. त्या वर्गात व्याख्या आधी आली, वस्तू तिच्या हुकमाने आली आणि मुलगा सर्वांत शेवटी आला. आसनाच्या संकल्पनेने माणसाचा ताबा घेतल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

रथाचे उदाहरण

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातील नागसेन स्थविर आणि राजा मिलिंद यांचा संवाद वाचकांच्या परिचयाचा आहे. राजा रथातून आला असे सांगतो. स्थविर विचारतात : दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके, साटा, जू, लगाम यांपैकी रथ कोणता? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेरीस मान्य करतो की या सर्वांच्या आश्रयाने ‘रथ’ हे नाव, हा व्यवहार, ही प्रज्ञप्ती उत्पन्न होते. हीच उपमा त्यापूर्वी भिक्षुणी वजिरा यांनी माराला उत्तर देताना योजिली होती आणि नागसेनांनी त्यांचाच आधार घेतला आहे, याचे स्मरण येथे ठेवले पाहिजे.

प्लेटो आणि नागसेन यांच्यातील फरक संकल्पनाप्रधान कलेच्या परीक्षेत निर्णायक ठरतो. प्लेटो वस्तूच्या मागे एक अधिक खरी, अविकारी वस्तू शोधतो. नागसेन शोध घेतात तेव्हा मागे काहीच सापडत नाही. सापडतात ते घटक, त्यांची जुळणी आणि लोकांनी मान्य केलेले एक नाव. मात्र नागसेन रथ मोडत नाहीत. राजाला पायी जावयास सांगत नाहीत. रथ चालतोच, त्याच्याविषयीचा भ्रम तेवढा गळून पडतो. मेंदिनींना खुर्ची जाळावी लागली. बौद्ध विश्लेषणाला अग्नीची गरज पडत नाही.

ही पद्धत आसनाकडून माणसाकडे वळविली की तिचे महत्त्व ध्यानात येते. ‘सुत्तनिपाता’तील वासेट्ठसुत्तात हेच केले आहे. गवत, कीटक, पक्षी, मासे यांच्यात जातीची निसर्गसिद्ध चिन्हे आढळतात. माणसामाणसांत तशी आढळत नाहीत. शेती करणारा शेतकरी, हस्तकौशल्यावर जगणारा कारागीर ही नावे व्यवसायाने पडतात. नाव आणि गोत्र ही लोकांनी वेळोवेळी ठरविलेली गोष्ट आहे, असा त्या सुत्ताचा आशय आहे. ज्या तर्काने ‘रथ’ हा केवळ व्यवहार ठरतो, त्याच तर्काने उच्चनीचतेची नावेही व्यवहार ठरतात. व्यवहार बदलता येतो, हे ओघाने आले.

विनयातील आसनविचार

विनयपिटकात फर्निचरचा विचार इतक्या बारकाईने केलेला आहे की आधुनिक रचनाकारानेही तो अभ्यासावा. ‘चुल्लवग्गा’तील सेनासनक्खंधकात मंच आणि पीठ यांचे अनेक प्रकार येतात : खेकड्याच्या पायांसारखे पाय असलेले, पाय सुटे करता येणारे, चौरस आसंदी, तसेच चार पाय, दोन हात व एक पाठ मिळून सात अंगांचे ‘सत्तंग’. आपण आज जिला हातांची खुर्ची म्हणतो तीच ही. मंच आणि पीठ हे शब्द आपल्या ‘रंगमंच’, ‘व्यासपीठ’, ‘विद्यापीठ’ या शब्दांत आजही जिवंत आहेत.

नियमांमागील प्रसंग वास्तव आहेत. वरच्या मजल्यावर सुट्या पायांच्या मंचावर एक भिक्षू धाडकन बसला. पाय निसटून खाली बसलेल्या भिक्षूच्या डोक्यावर पडला. त्यावरून तसा मंच वर वापरण्यास मनाई झाली. दुसऱ्या नियमाप्रमाणे मंचाचे किंवा पीठाचे पाय आठ सुगत-अंगुळांपेक्षा उंच असू नयेत, असल्यास ते कापून टाकावेत. पहिल्या नियमात शेजाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार आहे आणि दुसऱ्यात उंचीच्या मोहाचा. आसनाची उंची ही नैतिक बाब आहे, हे येथे स्पष्टपणे मान्य केले आहे. उपोसथाच्या दिवशी उपासक जे अष्टशील घेतात, त्यातील आठवे शील उच्च व महाशयनासनापासून विरत राहण्याचे आहे, हेही याच विचाराला धरून आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग अग्रासनाचा आहे. काही भिक्षूंनी पुढे जाऊन निवासाच्या जागा अडविल्या आणि सारिपुत्त स्थविरांना रात्र झाडाखाली काढावी लागली. तेव्हा भगवंतांनी संघास विचारले की प्रथम आसन, प्रथम जल आणि प्रथम भिक्षा यांस पात्र कोण? काहींनी क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेला असे उत्तर दिले, काहींनी ब्राह्मण कुळातून आलेला असे सांगितले. अन्य काहींनी विद्वत्तेचा वा ध्यानाचा निकष पुढे केला. भगवंतांनी ही सारी उत्तरे बाजूला ठेवून तित्तिर, वानर आणि हत्ती यांची कथा सांगितली व उपसंपदेच्या ज्येष्ठतेचा नियम घालून दिला. शाक्य कुमारांच्या आधी उपाली नापिताची प्रव्रज्या का झाली, याचा अर्थ या नियमाच्या उजेडात उलगडतो. आधी आलेल्या उपालीचे आसन राजकुमारांच्या आधी लागले. ज्या समाजात आसन जन्मावर ठरत होते, तेथे ते केवळ प्रवेशाच्या दिनांकावर ठरविणे ही आसनाच्या संकल्पनेत केलेली क्रांती होती. त्यासाठी आसनाच्या आकारात काहीही बदल करावा लागला नाही.

पाषाणातील साक्ष

महाराष्ट्राच्या लेण्यांत याची दृश्य साक्ष आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या कोरल्या आहेत. त्या काहीही तोलून धरीत नाहीत. डोंगर स्वतःला तोलून धरतो. कार्ल्याच्या चैत्यात अशाच फासळ्या खरोखर लाकडाच्या आहेत, पण भार त्यांच्यावरही नाही. डोळ्यांना आधार दिसतो, प्रत्यक्षात तो आधार नसतो. प्रतीतीच्या प्रश्नावरील हा प्रयोग तेराशे वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याच दालनात भगवंतांची मूर्ती पाय खाली सोडून आसनावर बसलेली आहे.

वेरूळचे पाचवे लेणे आपल्या दृष्टीने अधिक बोलके आहे. सुमारे ११७ फूट खोल आणि ५८ फूट रुंद अशा या दालनात दोन लांब, बुटकी दगडी आसने समांतर कोरलेली आहेत. कान्हेरीच्या अकराव्या लेण्यातही तशीच आहेत. ती भोजनासाठी होती की पठणासाठी, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. उपयोग निश्चित करता येत नसला तरी रचना बोलते. दोन्ही आसने एका उंचीची आहेत आणि त्यांवर कोणाचीही जागा कोरून वेगळी केलेली नाही. बसणारे समोरासमोर बसतात. या लेण्याचे लोकप्रचलित नाव मात्र ‘महारवाडा’ असे आहे. समतेचे आसन पाषाणात टिकून राहिले आणि त्याच्यावर विषमतेचे नाव चढले. वस्तू आणि व्याख्या यांचा असा उघड विरोध कोणत्याही आधुनिक कलादालनात आढळणार नाही.

कातडे, रबर आणि नाव

कोल्हापुरातील शहाजी छत्रपती संग्रहालयात शिकारीच्या स्मृतींमध्ये प्राण्यांच्या अवयवांपासून बनविलेल्या गृहोपयोगी वस्तूही आहेत. हत्तीच्या पायाचे मेज हा अशा वस्तूंचा ठळक नमुना. आपण मेजाच्या खालच्या भागाला ‘पाय’ म्हणतो तो अलंकाराने. येथे तो शब्दशः पाय असतो. प्रेक्षक क्षणभर चपापतो. परंतु त्याहून गंभीर प्रश्न पुढे आहे. वाघाचे कातडे राजवाड्यात वैभव ठरते आणि मेलेल्या बैलाचे कातडे गावकुसाबाहेर विटाळ ठरते. द्रव्य एक, कसब एक, प्रतीती भिन्न. ती भिन्नता कातड्यात नसते, पाहणाऱ्याच्या मनावरील संस्कारात असते.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या ‘चमार स्टुडिओ’ची निर्मिती तपासली पाहिजे. सुधीर राजभर यांनी २०१७ मध्ये हा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गोवंशहत्याबंदीचा सुधारित कायदा अमलात आला आणि धारावीतील चर्मकारांच्या हाताचे काम घटले. तेव्हा टाकाऊ टायरच्या रबरापासून चामड्यासारखे द्रव्य तयार करून त्याच्या पिशव्या व पुढे खुर्च्या घडविण्यात आल्या. त्यांच्या ‘फ्लॅप’ खुर्च्या डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘डिझाइन मायामी’ या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. ही खुर्ची दोन पातळ्यांवर प्रतीतीला आव्हान देते. डोळ्यांना कातडे भासते ते रबर असते. आणि ज्या जातिवाचक नावाचा अपमानार्थी उच्चार कायद्याने गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात स्पष्ट केले, ते नाव येथे श्रीमंत ग्राहक सन्मानाने उच्चारतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या दारातले आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेच्या घाटाची पादत्राणे मांडली, तेव्हा कोल्हापूरचे नावच घेतले गेले नव्हते. २०१९ मध्येच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले होते. आक्षेप उठल्यावर कंपनीने प्रेरणेची कबुली दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. एका ठिकाणी वस्तू घेतली आणि नाव पुसले. दुसऱ्या ठिकाणी नाव पुढे केले आणि वस्तूचे द्रव्यच बदलले. यांतील दुसरा मार्ग निःसंशय अधिक प्रामाणिक आहे. कारागिराला तो अदृश्य करीत नाही.

तरीही आंबेडकरी वाचकाच्या मनात एक शंका उरते आणि ती मांडली पाहिजे. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून आपल्या चळवळीने मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा आग्रह धरला. १९५६ मध्ये जातीचे नावच मागे टाकून आपण बौद्ध झालो. आता तेच नाव बोधचिन्ह म्हणून मिरविणे ही मुक्ती की पुनरावृत्ती? प्रस्तुत लेखकाच्या मते, नावाचा अपमान धुऊन काढणे आणि नावाची आवश्यकताच नष्ट करणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिली क्रिया ही खुर्ची समर्थपणे करते. ज्याच्या तोंडी ते नाव शिवी होते, त्याची जीभ ती अडखळविते. दुसरी क्रिया ती करीत नाही आणि एकट्या खुर्चीकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. नागसेनांच्या कसोटीला ही कलाकृती अर्धी उतरते : नाव हा व्यवहार आहे हे ती दाखविते, परंतु त्या व्यवहाराच्या पलीकडे प्रेक्षकाला नेत नाही. शिवाय ती संग्राहकाच्या दिवाणखान्यात जाते. जेथे ते नाव आजही शिवी म्हणून वापरले जाते त्या गावच्या चावडीत ती पोहोचली, तर तिचा खरा कस लागेल.

आपले व्यासपीठ

परीक्षेची हीच फूटपट्टी स्वतःलाही लावली पाहिजे. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगावात जी परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषविले आणि राजर्षी शाहू महाराज तेथे उपस्थित राहिले. त्या दिवशी अध्यक्षाची खुर्ची कशा घाटाची होती, याला महत्त्व नाही. तिच्यावर कोण बसले आणि समोर कोण बसले, यामुळे तिचा अर्थ कायमचा बदलला. पुण्याच्या सिम्बायोसिस संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू व फर्निचर जतन केलेले आहे. तेथील खुर्चीवर आज कोणी बसत नाही. सांची आणि अमरावतीच्या शिल्पांत भगवंतांचे रिक्त आसन कोरलेले असते, तसे तेही रिक्त आसन आहे; त्याच्यासमोर उभा राहणारा मनुष्य काहीतरी शिकून जातो. म्हणजे बसण्याचा उपयोग संपल्यावरही आसनाचा उपयोग संपत नाही. गोणपाटापासून त्या खुर्चीपर्यंतचे अंतर ज्याला दिसते, त्याला संकल्पनाप्रधान फर्निचर समजावून सांगावे लागत नाही.

आज बिद्रीच्या आसपासच्या कोणत्याही गावात बुद्धजयंतीला वा धम्मपरिषदेला गेले की प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा दिसतात. एका साच्यातून निघालेली ही खुर्ची अभिरुचीसंपन्न मंडळींना कुरूप वाटते. परंतु तिच्यात पाटलाची आणि मजुराची असा भेद नाही. एकीत दुसरी बसते आणि कार्यक्रम संपल्यावर सर्वांचा एकच ढीग होतो. वेरूळच्या पाचव्या लेण्यातील त्या दगडी आसनांची ही दूरची वारस आहे. व्यासपीठावर मात्र आपण मखमली गादीची, सोनेरी नक्षीची, उंच पाठीची सिंहासने भाड्याने आणतो. तीवर पाहुणे बसतात, मधल्या सर्वांत उंच खुर्चीसाठी कार्यकर्त्यांत कुरबूर होते आणि खाली बसलेला समाज सकाळीच अष्टशील घेऊन आलेला असतो.

संकल्पनाप्रधान फर्निचरने जगाला प्रश्न विचारला की खुर्ची म्हणजे काय. आपल्याला विचारावयाचा प्रश्न त्याहून जुना आहे आणि तो भगवंतांनी संघापुढे ठेवलेला आहे : प्रथम आसनास पात्र कोण? त्याचे उत्तर कलादालनात मिळणार नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, मंडप घालताना, व्यासपीठावर कोणत्या खुर्च्या मांडावयाच्या हे ठरविताना ते द्यावे लागेल.